दुसऱ्यांच्या घरची हिरवी भांडी

ओहायोत कोलंबसजवळ राहणाऱ्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गाभा इथे देते.

लग्नानंतर त्या अमेरिकेत आल्या, त्याला वीस वर्षं होऊन गेली. सुरुवातीच्या एकटेपणाच्या दिवसांत शेजारच्या अमेरिकन आजींनी त्यांना ज्या कपातून कॉफी दिली, तो जेडाइटचा होता. जाड, दुधाळ काचेचा, पिस्ता बर्फीच्या रंगाचा. तेव्हापासून इस्टेट सेल (कुणाच्या पश्चात घरातलं सामान विकायला काढतात ते), थ्रिफ्ट स्टोअर, फ्ली मार्केट असं जुन्या वस्तूंच्या बाजारांत फिरून त्यांनी ही हिरवी भांडी जमवली. आज दीडशेच्या वर नग आहेत. आता कुटुंब कायमचं पुण्याला परततं आहे. नवरा म्हणतो, सगळं विकून टाक. मुलगी म्हणते, हिरवी काच रेडिओअ‍ॅक्टिव्ह असते आणि मला पुढे यातलं काहीही नको. सोबत राहणाऱ्या सासूबाई या भांड्यांतून पाणीसुद्धा पीत नाहीत. "कोण कुठली माणसं, काय काय खाल्लं असेल त्यात," हे त्यांचं म्हणणं. दोन गोष्टी या मैत्रिणीने घरात कुणालाच सांगितलेल्या नाहीत. गेल्या काही वर्षांतली बरीच खरेदी गाडीच्या डिकीतून गुपचूप बेसमेंटमध्ये गेली. आणि जुना म्हणून मोठी किंमत देऊन घेतलेला केक स्टँड नवा निघाला. शेवटी त्या लिहितात, "सांगलीच्या घरातली आजीची पितळी भांडी आईने मोडीत घातली तेव्हा मी कॉलेजात होते. मला काहीच वाटलं नाही. स्वतःच्या आजीचं राखलं नाही आणि परक्या आज्यांचं गोळा करत बसले, हे ढोंग नाही का? सगळं घेऊन जाऊ की सगळं विकू?"

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही प्रश्न विचारलात नेण्याचा आणि विकण्याचा, पण पत्रात सगळ्यात जास्त टोचतं ते पितळेचं. म्हणून आधी त्याबद्दल बोलू.

तुमच्या आईने ती भांडी का दिली असतील, हे एकदा तिच्या जागी उभं राहून बघा. पितळेला कल्हई लागते. ती उडाली की ताक, आमटी, काहीही आंबट कळकतं. कल्हईवाला गल्लीत यायचा थांबला की बायकांनी करायचं काय? भरलेलं पातेलं एका हाताने उचलत नाही. रोज चिंच आणि राख घेऊन घासत बसायचं. त्या काळात स्टीलच्या दुकानात पितळ वजनावर घालून, वर थोडे पैसे देऊन, नाव घातलेले लखलखीत डबे घरी आणणं ही गृहिणीच्या आयुष्यातली मोठी सुखाची गोष्ट होती. माझ्या माहितीतल्या कितीतरी घरांत त्या डब्यांवर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव आणि तारीख अजून वाचता येते. तुमच्या आईने आजीला टाकलं नाही. तिने आपल्या मनगटांवरचा भार कमी केला.

आता अमेरिकेकडे बघा. कॉर्निंग कंपनीने १९७० मध्ये कोरेल नावाचं काचसामान बाजारात आणलं. पातळ, हलकं, सहसा न फुटणारं. ओहायोतल्या लँकेस्टरच्या अँकर हॉकिंग काच कंपनीने आपली हिरवी जेडाइट भांडी १९७५च्या सुमाराला बंद केली. ओहायो-पेनसिल्व्हेनियातल्या बायकांनी जड हिरवे कप खोक्यांत भरून गॅरेजमध्ये टाकले. तीच खोकी आता त्यांची मुलं इस्टेट सेलला काढतात आणि तुम्ही घेता. म्हणजे काळ वेगळा असला तरी जवळजवळ एकाच कारणाने, सांगलीत पितळ गेलं आणि लँकेस्टरमध्ये जेडाइट. तुम्ही ज्यांची भांडी जपता आहात त्या बायकांनीही ती जपली नव्हती. तुम्ही कॉलेजात असताना पितळ मोडीत गेलं आणि तुम्हाला काही वाटलं नाही, यात लाज वाटण्यासारखं काय आहे? त्या वयात कुणाला वाटतं? वस्तूकडे बघायची नजर तुम्हाला पुढे आली, परक्या देशात, एका परक्या आजीच्या स्वयंपाकघरात आली. नजर कुठे यावी हे आपल्या हातात नसतं. याला ढोंग म्हणू नका.

एक काम मात्र पुण्याला जायच्या आधी करा. आईला, मामांना, सांगलीत जे कुणी असतील त्यांना फोन करून विचारा की मोडीत नेमकं काय काय गेलं. बहुतेक घरांत सगळं जात नाही. माळ्यावर एखादं घंगाळं, बंब, सतेलं, निदान एखादा तांब्या उरलेला असतो, आणि कुणी विचारत नाही म्हणून तो पडून असतो. उरलं असेल तर मागून घ्या. नसेल तर आईकडून त्या भांड्यांची नावं आणि कशात काय शिजायचं ते लिहून घ्या. तुमचं दुःख एवढं खरं आहे, तर त्याला हिरव्या काचेचा आडोसा देऊ नका. त्याचं त्याला मिळू द्या.

तुमच्या पत्रात "वारसा" असा सूर आहे, जणू तुम्ही कुणाच्या घराण्याचा ठेवा सांभाळता आहात. ही भांडी तशी कधीच नव्हती, हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी ते पुन्हा डोळ्यांसमोर आणायला हवं. अपारदर्शक हिरव्या काचेची स्वयंपाकघरातली भांडी १९३०च्या आसपास मॅकी कंपनीने काढली. मग जनेट ग्लास कंपनीने. दोन्हींचं गाव एकच, पेनसिल्व्हेनियातलं जनेट. मॅकी कंपनीच्या मालकाच्या बायकोच्या नावावरून त्या गावाचं नाव पडलं. पिट्सबर्गच्या वेंकटेश्वराच्या देवळात जाणाऱ्या मराठी मंडळींना ते गाव तिथून फार लांब नाही. काळ महामंदीचा. मसाल्याच्या बरण्या, लिंबू पिळायची भांडी, फ्रिजमध्ये उरलेलं अन्न ठेवायचे झाकणाचे चौकोनी डबे, असा सगळा रोजच्या ओट्यावरचा माल.

आणि तुमच्या घरापासून तासाभरावर असलेलं लँकेस्टर. तिथे १९०५ मध्ये आयझॅक कॉलिन्सने हॉकिंग ग्लास सुरू केली, गावाजवळच्या हॉकिंग नदीच्या नावाने. मंदीत या कंपनीने यंत्रांचा वेग इतका वाढवला की पाच सेंटच्या एका नाण्याला दोन ग्लास विकणं परवडलं. १९३७ मध्ये ती अँकर हॉकिंग झाली, १९४०च्या दशकात फायर-किंग हे नाव आलं, आणि महायुद्ध संपता संपता हिरवं जेडाइट. त्यातले प्रकार म्हणजे कडेला बारीक रेघा असलेली जेन रे, ओट्सच्या डब्यात फुकट मिळणारी अ‍ॅलिसची कपबशी, चौकोनी चार्म, आणि खानावळींसाठी केलेलं जाडजूड रेस्टॉरंट वेअर. रस्त्याकडेच्या डायनरमध्ये ट्रक ड्रायव्हरच्या पुढे आदळलं तरी टिकावं म्हणून ते तसं केलेलं. यंत्राने लाखोंनी काढलेला, सगळ्यांना परवडेल असा माल. तुमच्या शेजारच्या आजींनी तुम्हाला कपाटातला शोभेचा कप दिला नाही, रोजच्या वापरातला दिला. एकट्या पडलेल्या सुनेला त्या वेळी तो वापरातला कपच हवा होता.

माझं मत यावरून बनलं आहे आणि ते सरळ सांगते. जी भांडी पुण्याच्या घरात वापरात येतील ती न्या. बाकीची ओहायोतच राहू द्या. सगळं किंवा काहीच नाही, ही वाटणी तुमच्यावर नवऱ्याने लादलेली नाही, ती तुम्ही स्वतःच करून घेतलीत. दीडशे नगांचा निर्णय एका वाक्यात होत नसतो.

सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी घरांत कपबशा स्वयंपाकघराबाहेर ठेवत. दुसऱ्याच्या ताटात जेवू नये, हे त्यांच्या हाडात भिनलेलं आहे. आणि त्या जे म्हणतात ते वस्तुस्थितीला धरूनच आहे. त्या ताटल्यांत गोमांस आणि डुकराचं मांस खाल्लं गेलं असणार, रेस्टॉरंट वेअरच्या तर नक्कीच. "नाही हो आई, तसं काही नाही" अशी खोटी समजूत काढू नका. खरं तेच सांगा. काच काहीही शोषून घेत नाही. घासली, धुतली की तिच्यात मागचं काही उरत नाही. पुण्यात त्यांच्या ओळखीत ज्या ला ओपालाच्या पांढऱ्या ताटल्या असतात, त्याही याच कुळातल्या. काचेच्या रसात फ्लोराइडसारखी द्रव्यं मिसळली की ती निवताना आत अतिसूक्ष्म कण तयार होतात, प्रकाश आरपार न जाता विखुरतो आणि काच दुधाळ दिसते. तिला हिरवा रंग दिला की जेडाइट. एवढं सांगून झाल्यावर त्यांचं स्टीलचं ताट आणि त्यांचा पेला त्यांच्यासमोर ठेवा आणि तो विषय तिथेच सोडा. त्यांनी तुमच्या कपातून चहा प्यायलाच पाहिजे असं काही नाही. नकळत तर कधीच देऊ नका. बाजूची खोली रिकामी असावी तशी प्रत्येकाच्या मनात एक जागा दुसऱ्यांनी न शिरण्याची असते, ती सासूबाईंना असू द्या.

"दुसऱ्यांच्या घरातलं कशाला आणायचं" या प्रश्नाला मात्र पुण्यातच एक मोठं उत्तर उभं आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दुसऱ्यांच्याच घरातल्या वस्तू जमवल्या. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, स्वयंपाकाची भांडी. सात वर्षांचा असताना गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी ते संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये सरकारच्या स्वाधीन केलं. जुन्या वाड्यांतली अडगळ म्हणून जे निघून गेलं असतं त्यातलं कितीतरी आज राजा केळकर संग्रहालयात दिसतं, ते त्यांना परक्यांच्या वस्तूंचा लळा लागला म्हणून. पुण्यात पोचलात की सासूबाईंना आणि मुलीला घेऊन तिथे एक दुपार घालवा. वाद घालायला म्हणून नको. सासूबाई तिथली भांडी ओळखतील आणि तुम्हाला त्यांच्याकडून आजीच्या घरातलं बरंच काही कळेल.

मुलगी रेडिओअ‍ॅक्टिव्ह म्हणते, त्यात अर्धं तथ्य आहे आणि ते तपासता येतं. मॅकी आणि जनेटच्या युद्धापूर्वीच्या काही हिरव्या भांड्यांत थोडं युरेनियम असतं. दुसऱ्या महायुद्धात सरकारने युरेनियम ताब्यात घेतलं आणि काचेच्या कारखान्यांना ते १९५८ पर्यंत मोकळं झालं नाही. फायर-किंगचं जेडाइट त्याच काळात सुरू झालं, त्यात युरेनियमचा वापर नाही. अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च घ्या, तो स्वस्त असतो. बेसमेंटमधला दिवा बंद करा आणि एकेका भांड्यावर धरा. युरेनियम असलेली काच झगझगीत पोपटी दिसते. मुलीला बरोबर घ्या, हे काम तिला आवडेल. चमकलेले नग कपाटात ठेवायला धोक्याचे नाहीत, पण त्यांत जेवण वाढू नका, आणि लोणचं, चिंचेचं सार, कढी असलं आंबट तर ठेवूच नका. तुमच्याकडे वरून नक्षी रंगवलेली जुनी दुधी काच असेल तर तिच्याबाबतही हेच धरा, त्या रंगांत शिसं असू शकतं. अंगचाच हिरवा रंग असलेल्या साध्या जेडाइटला वरून रंग दिलेलाच नसतो.

आता डिकीचं. इथे मी तुमची बाजू घेणार नाही.

तुम्ही लिहिता की किंमत सांगितली असती तर घरात कटकट झाली असती. झाली असती. पण त्यापेक्षा जास्त नुकसान लपवण्याने झालं आहे, आणि ते तुमचंच झालं आहे. जी वस्तू रात्री चोरून खाली न्यावी लागते तिच्यात दिवसा चहा पिता येत नाही. गेल्या काही वर्षांत घेतलेलं बरंचसं अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेलंच आहे, असं तुम्ही पत्राच्या मध्यावर ओझरतं लिहून गेलात. ते वाचून मला वाटलं की ही खरेदी भांड्यांसाठी राहिलेली नाही. मिळवण्याच्या त्या अर्ध्या तासासाठी राहिली आहे. हे तुमच्या एकटीचं नाही. काहीही जमवणाऱ्या माणसाला हे वळण कधी ना कधी लागतं, मग पोस्टाची तिकिटं असोत की पैठण्या. खूण सोपी आहे. घरी आणलेली वस्तू आठवडाभरात उघडली जात नसेल, तर पुढची घ्यायची थांबवावी.

नवऱ्याला सांगा. सामान विकायला काढताना आपोआप कळेल, तेव्हा बघू, असं करू नका. त्याला दुसऱ्याच कुणाकडून किंवा क्रेडिट कार्डाच्या जुन्या कागदावरून कळलं तर गोष्ट भांड्यांची राहणार नाही. एका शांत सुट्टीच्या दिवशी, सासूबाई आणि मुलगी घरात नसताना, स्वतःहून बसा. आधी यादी करून ठेवा. नग कोणता, तळाचा शिक्का काय, अवस्था कशी, कितीला घेतला, आणि तसाच नग अलीकडे कितीला विकला गेला. ईबेवर विक्रेत्यांनी मागितलेल्या किमती बघू नका, मागायला कुणीही काहीही मागतं. खरोखर विकल्या गेलेल्या मालाची यादी तिथे वेगळी काढता येते, ती बघा. ती यादी नवऱ्याच्या हातात द्या आणि आकडा तोंडाने सांगा. तो चिडेल. त्याला चिडू द्या, लगेच समजावत बसू नका. आणि कृपा करून "ही गुंतवणूक होती" असं म्हणू नका. घर-सजावटीच्या कार्यक्रमांमुळे अमेरिकेत घरोघरी पोचलेल्या मार्था स्ट्यूअर्टने १९९०च्या दशकात आपल्या कार्यक्रमात आणि मासिकात ही भांडी दाखवली तेव्हा भाव चढले. भाव कुणाच्या तरी आवडीवर चढतो आणि त्या आवडीबरोबर उतरतो. तुम्ही आवडली म्हणून घेतलीत. तेवढंच सांगा, ते खरं आहे.

केक स्टँडचं दुःख कळतं, पण त्यात तुमची अक्कल निघाली असं मानू नका. आज बाजारात दिसणारे हिरवे केक स्टँड बहुतांशी नव्या काळातलेच आहेत. मार्था स्ट्यूअर्टच्या टपाल-विक्रीसाठी मुद्दाम नवं जेडाइट करून घेतलं गेलं, त्यातल्या बऱ्याच नगांवर 'एमबीएम' (मार्था बाय मेल) अशी अक्षरं असतात आणि आता त्यांनाही गिऱ्हाईक आहे. ओहायोतच केंब्रिजला मॉसर कंपनी आजही हिरवी काच घडवते, आणि उत्तम घडवते. अँकर हॉकिंगने स्वतः २००० साली काही नग पुन्हा काढले. नवी काच म्हणजे खोटी काच नव्हे. खोटं बोलला तो विकणारा.

पुढे कुणी फसू नये म्हणून थोडं सांगते. एकट्या शिक्क्यावर जाऊ नका. फायर-किंगच्या तळाला आधीच्या काळात ठळक छापील अक्षरं, नंतर वळणदार अक्षरं असतात, पण जेन रेचे कितीतरी अस्सल नग बिनशिक्क्याचे असतात, त्यांवर नुसतं कागदी लेबल असायचं आणि ते पहिल्या धुण्यात जायचं. मॅकीचा शिक्का वर्तुळात, जनेटचा त्रिकोणातला 'जे'. जुनं ताट उजेडाकडे तिरपं धरलं की सुरीचे बारीक चरे दिसतात, मधल्या भागात जास्त, कडेला कमी. ते खाणाऱ्या माणसाने पाडलेले असतात. तळाच्या कडेवर, जिथे भांडं टेबलाला टेकतं, तिथली झिज सगळीकडून असते. यंत्राने घाईत काढलेल्या जुन्या मालात कुठे काचेची लाट, कुठे छोटा वण, एका संचातल्या दोन कपांच्या रंगात फरक, हे सगळं चालायचंच. एकसारखं गुळगुळीत, जाड, कुठेही न झिजलेलं आणि 'आजीच्या घरातलं' म्हणून विकायला ठेवलेलं भांडं दिसलं की हात आखडता घ्या.

आता निवड कशी करायची ते बघू. तुमच्या यादीकडे बघताना "कोणता दुर्मिळ" हे विसरा. पुण्याच्या त्या फ्लॅटमधली एक साधी सकाळ डोळ्यांसमोर आणा. चहा किती जणांचा? रेस्टॉरंट वेअरचे जाड मग घ्या, ते चहा बराच वेळ गरम ठेवतात. रोजच्या वापराला ते सगळ्यात चिवट. एकात एक बसणारे बोल घ्या, कणीक भिजवायला, कोशिंबीर कालवायला. चोच आणि दांडा असलेला बोल धिरड्यांच्या पिठाला इतका सोयीचा आहे की तो कुणी मराठी बाईने सांगून करून घेतला असावा असं वाटतं. मसाल्याच्या बरण्या, टवके उडालेल्या नसतील तर. ज्या आजींनी पहिला कप दिला त्यांचं काही तुमच्याकडे असेल तर ते न विचारता घ्या. ताटल्या मोजक्या घ्या. आपलं जेवण वाटी-ताटाचं, सपाट ताटलीत आमटी वाहते, आणि दोन महिन्यांत तुम्ही पुन्हा स्टीलकडे वळाल.

वापरताना जपायच्या गोष्टी फार नाहीत. डिशवॉशरमध्ये कधीच घालू नका. तकाकी जाते, भांडं खडूसारखं भुरकट होतं, आणि गेलेली तकाकी परत येत नाही. मायक्रोवेव्ह नको. तळाला 'ओव्हन' असं लिहिलेलं असलं तरी साठ-सत्तर वर्षांत चरे पडलेली काच नव्या काचेइतकी सोसत नाही. फ्रिजमधून काढलेल्या बोलवर तापलेली फोडणी ओतलीत तर एक भाग झटकन फुगतो, दुसरा थंडच राहतो आणि तडा जातो. फोडणी आधी आमटीत, मग आमटी बोलमध्ये. बस.

नेण्याच्या सामानात ताटल्या आडव्या रचू नका, उभ्या लावा, प्रत्येकीला वेगळा कागद. छापील वर्तमानपत्राची शाई लागते, कोरा कागद वापरा. कपाच्या कानाभोवती आधी कागद, मग पूर्ण कपाला. एका खोक्यात दुसरं खोकं, मधे भरणा. परत येणाऱ्या कुटुंबाच्या घरगुती सामानाचे कस्टमचे नियम बदलत असतात, त्यामुळे सामान नेणाऱ्या कंपनीकडून ते त्या वर्षीचे लेखी घ्या आणि तुमची यादी, किमतींसकट, त्यांना द्या. लपवलेल्या खरेदीची यादी इथेही उपयोगी पडेल.

मुलीच्या "मला नको"चा राग धरू नका. तिने खरं ते वेळेवर सांगितलं. असं कुणी सांगत नाही म्हणून तर इस्टेट सेल भरतात. तिच्यावर संग्रह सोपवायची गरज नाही. टॉर्च घेऊन बेसमेंटमध्ये बसाल तेव्हा तिला हवा असेल तर एक नग निवडू द्या, नको असेल तर तेही ठीक.

आणि पुण्यात तुमचा हात रिकामा राहील ही भीती असेल तर सांगते, कारखान्यात घडलेल्या, साध्या घरांत वापरल्या गेलेल्या काचेची गोडी असणाऱ्याला महाराष्ट्रातही बघायला, शोधायला पुष्कळ आहे. पुण्याजवळ तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये निघाला, लोकांकडून एकेक पैसा जमवून. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीत ओगल्यांच्या कारखान्यात प्रभाकर कंदील घडले, आणि तुमच्या सांगलीच्या घरात तो नक्की लागलेला असणार. आईला फोन कराल तेव्हा पितळेबरोबर कंदिलाचंही विचारा. फक्त पहिलं वर्षभर काही विकत घेऊ नका. नुसतं बघा, विचारा, लिहून ठेवा.

उरलेल्या नगांची विक्री ओहायोत असतानाच करा. पुण्यात जेन रे म्हणजे काय हे सांगण्यातच तुमचा दिवस जाईल. तिथे कोलंबसच्या आणि स्प्रिंगफील्डच्या जुन्या वस्तूंच्या बाजारांत बघताक्षणी ओळखणारी माणसं येतात. एकगठ्ठा विकणाऱ्याला भाव कमी मिळतो पण सुटका लवकर होते. एकेक विकायला महिने लागतात. निघायच्या तारखेवरून ठरवा, आणि ते नवऱ्याबरोबर बसून ठरवा. टवका असेल, डिशवॉशरमध्ये तकाकी गेली असेल, अतिनील प्रकाशात चमकत असेल, तर चिठ्ठीवर तसं लिहा. केक स्टँड विकायचा ठरला तर त्याच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत 'नवा' असं लिहा. त्याची किंमत बरीच खाली येईल, ती येऊ द्या.